ऑपरेशनच्या आधीचं बरंच काही

बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलिस शिपाई ललित साळवे यांचं नाव मे २०१८ मध्ये महाराष्ट्रभर झालं. मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली आणि बातम्यांनी ती उचलून धरली. मथळ्यांचा सगळा भर ऑपरेशनवर होता. मथळ्याखालचा मजकूर मात्र वेगळंच काही सांगत होता. शस्त्रक्रियेसाठी मागितलेली रजा खात्याने आधी नाकारली, कारण पुरुष आणि महिला शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे. मग उच्च न्यायालय, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्याची सूचना, मग सरकारी परवानगी, नोकरी टिकण्याची हमी, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया. तपासण्यांत साळवे यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळल्याचं तेव्हा सांगण्यात आलं होतं, त्यामुळे त्यांची शारीरिक घडण सर्वसाधारण ट्रान्स पुरुषापेक्षा निराळी मानावी लागेल. पण अर्ज, रजा, नोकरी, घरचे, तपासण्या ही वाट मात्र सगळ्यांची एकच असते.

जन्माच्या वेळी मिळालेलं लिंग आपलं नाही, हे मोठेपणी स्वतःशी कबूल करून पुढचं पाऊल टाकू पाहणारी माणसं जेव्हा माहिती शोधतात, तेव्हा त्यांना आधी भेटतं ते ऑपरेशन. खर्च किती, कुठे होतं, दुखतं का. प्रत्यक्षात हा या प्रवासातला सगळ्यात गाजणारा आणि बहुतेक वेळा शेवटचा भाग. अनेकांना तो कधीच नको असतो. सुरुवातीला लागतात ती एक-दोन भरवशाची माणसं आणि एक सरळ बोलणारा डॉक्टर. हे दोन्ही नीट जुळलं तर पुढचं बरंचसं सुरळीत होतं, असं माझं मत आहे.

‘एवढी वर्षं काय झोपला होतात का?’ हा प्रश्न तिशी-चाळिशीतल्या माणसाला हमखास ऐकावा लागतो. खरं तर उशिरा सुरुवात करणं नवं नाही आणि संशयास्पद तर मुळीच नाही. जॅन मॉरिस या ब्रिटिश लेखिकेचं उदाहरण घ्या. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसोबत वार्ताहर म्हणून गेलेल्या आणि तेनसिंग-हिलरींच्या यशाची बातमी जगात सर्वप्रथम लंडनला पोचवणाऱ्या त्याच. तेव्हा जग त्यांना पुरुष म्हणून ओळखत होतं. १९४९ मध्ये लग्न झालेलं, पुढे मुलं झाली, पत्रकारितेत नाव झालं. हार्मोन सुरू केले ते १९६४ मध्ये, आणि शस्त्रक्रिया झाली १९७२ मध्ये, मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आधी घटस्फोट घ्या अशी अट घातली होती, ती त्यांना मान्य नव्हती. पुढे कायद्यापायी घटस्फोट घ्यावाच लागला, तरी पत्नी एलिझाबेथ आणि त्या एकत्रच राहिल्या आणि २००८ मध्ये त्यांनी आपलं नातं कायदेशीर नोंदवूनही घेतलं. हार्मोन आणि शस्त्रक्रिया यांच्यात आठ वर्षं गेली, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. आपल्याकडे सायशा शिंदे यांनी फॅशनच्या दुनियेत पुरुष म्हणून नाव कमावल्यानंतर, जानेवारी २०२१ मध्ये आपण ट्रान्स स्त्री असल्याचं जाहीर केलं.

उशीर होतो त्याची कारणं साधी आहेत. लहानपणी या अनुभवाला नावच माहीत नसतं. नाव कळेपर्यंत लग्न झालेलं असतं. आई-वडील आहेत तोवर नको, मुलीचं लग्न होऊ दे, घराचे हप्ते फिटू देत, असं करत पुढे ढकललं जातं. विशीतल्या मुलाचा प्रश्न घरापासून तुटण्याचा असतो, तर चाळिशीतल्या माणसाचा प्रश्न घर ज्याच्यावर उभं आहे तोच आपण असण्याचा. राहत्या घरात दुरुस्ती काढावी तसा हा प्रकार. सगळी भांडीकुंडी, म्हातारी माणसं, पोरंबाळं आतच असतात आणि काम चालू ठेवावं लागतं.

म्हणून सुरुवात एका माणसापासून करावी. सगळ्यांना एकदम बसवून सांगणं सिनेमात चांगलं दिसतं. प्रत्यक्षात ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा एकजण निवडावा. ती बायको असेल, बहीण असेल, कॉलेजचा मित्र असेल. आईला आधी सांगितलंच पाहिजे असा काही नियम नाही. सांगताना ‘मी असा आहे’ याच्या पुढे ‘उद्यापासून काय बदलणार आणि काय नाही’ हेही सांगावं, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी हाच गोंधळ चालू असतो. तू नोकरी सोडणार का? आपण वेगळे होणार का? मुलांनी तुला काय म्हणायचं? यातल्या अर्ध्या प्रश्नांना तुमच्याकडेही उत्तर नसेल, आणि ते तसंच सांगितलेलं बरं.

घरातून धोका संभवत असेल, म्हणजे मारहाण, कोंडून ठेवणं, जबरदस्तीने लग्न लावणं, तर क्रम उलटा करावा. आधी स्वतःचं बँक खातं, मूळ कागदपत्रं हाताशी, जायला एक ठिकाण, आणि मग बोलणं. अशा वेळी देवऋषी, अंगारे-धुपारे, नवस हे ओघाने येतंच. त्याहून वाईट म्हणजे काही डॉक्टरसुद्धा ‘यातून बाहेर काढतो’ म्हणून गोळ्या आणि शॉक सुचवत आले आहेत. मद्रास उच्च न्यायालयातल्या एका खटल्याच्या ओघात हा विषय ऐरणीवर आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘सुधारणेचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कुणी डॉक्टर ‘बरं करून देतो’ म्हणाला, तर तिथून उठून यावं. हवं तर वैद्यकीय परिषदेकडे तक्रारही करता येते.

जोडीदाराबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण लेखांमधून तो किंवा ती नेहमी एक तर खलनायक असते नाहीतर संत. पंधरा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने आपण स्त्री असल्याचं सांगितलं की बायकोला जे वाटतं त्यात राग, फसवणूक, भीती आणि कधी कधी ‘आता कळलं’ असा सुटकेचा श्वास, सगळं एकत्र असतं. तिलाही समुपदेशक लागतो, आणि शक्यतो तुमचा नव्हे, वेगळा. दोघांनी एकत्र राहायचं की नाही हे पहिल्या महिन्यात ठरवायची गरज नसते.

घराबाहेरचा आधार म्हणजे अनुभवी माणसं. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट काम करतोय, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, मुंबईतच गौरी सावंत यांची सखी चारचौघी आहे. अशा ठिकाणी गेल्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कोणता डॉक्टर नीट बोलतो, कोणता मूर्खासारखे प्रश्न विचारतो, ही माहिती तिथे तोंडी मिळते. अनेक नोकरदार माणसं तिथे जायला कचरतात. आता आपल्यालाही सिग्नलवर टाळ्या वाजवाव्या लागणार का, ही भीती मनात असते. तसं काही नाही. गुरु-चेल्यांची, घराण्यांची परंपरा ही एक जुनी, स्वतःचे नियम असलेली व्यवस्था आहे. घराने हाकलून दिलेल्या हजारोंना तिने छप्पर दिलं, हे मान्य करायलाच हवं. पण ट्रान्स असणं आणि त्या व्यवस्थेत सामील होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ट्रान्स पुरुषांना तर त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. म्हणून त्यांचे आपापले गट उभे राहिले.

आता डॉक्टरांकडे. पहिली भेट बहुधा मानसोपचारतज्ज्ञाची किंवा मानसशास्त्रज्ञाची असते, आणि तिथेच माणसं बिथरतात. ‘मी वेडा आहे का?’ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ही स्थिती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. मग मनाचा डॉक्टर कशासाठी? तुम्ही ट्रान्स आहात की नाही याचा निकाल द्यायला तो बसलेला नसतो. त्याने पाहायचं ते एवढंच: ही भावना टिकून आहे का, पुढच्या उपचारांचे परिणाम तुम्हाला समजले आहेत का, निर्णय तुमचा तुम्ही घेत आहात का, आणि नैराश्य, दारू, झोपेचा प्रश्न असं काही सोबत असेल तर त्यावर उपचार चालू आहेत का. नैराश्य असलं म्हणून दार बंद होत नाही. तेही सांभाळत पुढे जाता येतं.

या भेटींनंतर तो एक पत्र देतो आणि त्या पत्रावर हार्मोन किंवा शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो. ट्रान्स आरोग्याच्या जागतिक संघटनेने, म्हणजे डब्ल्यूपॅथने, २०२२ मध्ये काढलेल्या आठव्या मार्गदर्शिकेत प्रौढांना शस्त्रक्रियेसाठी एकाच तज्ज्ञाचं पत्र पुरेसं मानलं आहे. त्याआधीच्या आवृत्तीत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन पत्रं आणि आधी वर्षभर त्या रूपात राहून दाखवण्याची अट होती. भारतातल्या तज्ज्ञांनीही २०२० मध्ये आपली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. आपल्याकडचे अनेक शल्यचिकित्सक अजून दोन पत्रं मागतात, तेव्हा आधीच विचारून ठेवावं. फोनवरच सरळ विचारावं, ‘तुम्ही ट्रान्स रुग्ण पाहिले आहेत का?’ उत्तर ‘हो’ असेल तर उत्तमच. ‘नाही, पण वाचून घेईन’ असं म्हणणारा डॉक्टरही चालतो. ‘त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्यापासून जपून राहावं.

दरम्यान कितीतरी गोष्टी औषधाविनाच सुरू होतात आणि मागेही घेता येतात. कपडे, केस, नाव. घरात एकाने तरी नव्या नावाने हाक मारणं. आवाजासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. ट्रान्स स्त्रीच्या बाबतीत तर हे काम त्यांचंच, कारण एकदा फुटलेला आवाज हार्मोनने पुन्हा बारीक होत नाही. दाढीचंही तसंच. त्यासाठी लेसर लागतं, आणि इथे वय आडवं येतं. लेसरचा किरण केसातला काळा रंग शोधतो. पांढऱ्या केसाला तो पकडू शकत नाही. चाळिशीत दाढी पांढरी व्हायला लागलेली असेल, तर उरलेला प्रत्येक केस इलेक्ट्रोलिसिसने, सुईने, एकेक करून काढावा लागतो. बाकी काही ठरवायचं असेल-नसेल, काळी दाढी शिल्लक असेल तर लेसर लवकर उरकून घ्यावं. ट्रान्स पुरुषांमध्ये छाती सपाट दिसण्यासाठी क्रेप बँडेज करकचून बांधण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. क्रेप बँडेज श्वासागणिक आणखी आवळत जातं, बरगड्या दुखावतात. त्यासाठीच शिवलेला बाइंडर मिळतो, तो मापाचा घ्यावा, दिवसात आठ तासांहून जास्त घालू नये आणि घालून झोपू नये.

हार्मोनचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. आपण ज्यांना मधुमेह-थायरॉइडवाले म्हणून ओळखतो तेच. ट्रान्स व्यक्तीला लागणारी औषधं त्यांना नवी नसतात. इस्ट्राडायॉल रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी दिलं जातं आणि टेस्टोस्टेरॉन ते कमी असलेल्या पुरुषांना. सरकारी रुग्णालयात पहिली अडचण येते ती बाहेरच, केस पेपर काढताना. कागदावर आधारवरचं नाव पडतं आणि नंतर बाकड्यांवर दाटीने बसलेल्या लोकांसमोर तेच नाव खड्या आवाजात पुकारलं जातं. साडी नेसलेली बाई उठून उभी राहते आणि सगळ्या माना वळतात. यावर साधा उपाय म्हणजे सोबत कुणाला तरी न्यावं आणि दारातल्या शिपायाला किंवा सिस्टरला आधीच चिठ्ठी द्यावी की आडनावाने बोलवा. बहुतेक वेळा ते ऐकतात.

आत डॉक्टर जे विचारतात ते ऐकून काहींची निराशा होते, कारण त्यात भावनेचं फारसं काही नसतं. बीपी, साखर, सिगारेट, घरात कुणाला हार्टचा त्रास, कधी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती का, अर्धशिशी, यकृत. विशीतल्याला हे प्रश्न पटकन उरकता येतात. चाळिशीत इथेच बरंचसं ठरतं. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका काही प्रमाणात वाढतो आणि वय, वजन, सिगारेट यांनी तो आणखी वाढतो. म्हणून वय जास्त असेल तर डॉक्टर गोळ्यांऐवजी त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच पसंत करतात, कारण त्वचेतून गेलेलं औषध आधी यकृतातून जात नाही. टेस्टोस्टेरॉन दाबण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर पोटॅशियम तपासत राहावं लागतं. हे औषध मुळात बीपी आणि हृदयाच्या रुग्णांचं, त्यामुळे बीपीच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर डॉक्टरांना दाखवायलाच हव्यात. सिगारेट सोडायची असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही.

मग काय होतं? थोडक्यात, माणूस पुन्हा एकदा वयात येतो आणि तेही तितक्याच संथपणे. इस्ट्रोजेनवर पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा आणि ताठरता कमी होते, तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ होते, स्तनांत गाठ येऊन वाढ सुरू होते. ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. टेस्टोस्टेरॉनवर पहिल्या सहा महिन्यांत मुरुमं येतात, पाळी बहुधा थांबते, आवाज तीन महिन्यांनंतर फुटायला लागतो. मिसरूड येतं, पण भरघोस दाढीला चार-पाच वर्षं लागू शकतात. घराण्यात टक्कल असेल तर तेही येतं, याची हसून तयारी ठेवावी. यातलं काय परत फिरतं हे आधी नीट समजून घ्यायला हवं. औषध थांबवलं तर चरबीची ठेवण, त्वचा, पाळी पूर्ववत होऊ शकते. फुटलेला आवाज, आलेली दाढी, वाढलेले स्तन मात्र आपोआप जात नाहीत. पस्तावणाऱ्यांचं प्रमाण अभ्यासांत कमीच आढळलं आहे, पण शून्य नाही. म्हणून हा तक्ता डॉक्टरांनी सांगितला नाही तर आपण होऊन विचारावा.

पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, नंतर वर्षातून एक-दोनदा. इथे लॅबचा एक गोंधळ माहीत असावा. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ पट्टी कागदावरच्या लिंगानुसार असते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचं हिमोग्लोबिन सोळा आलं की बायकांच्या पट्टीनुसार त्यापुढे वरचा बाण छापला जातो आणि घरचे घाबरतात. पुरुषांच्या पट्टीत ते अगदी बसतं. मात्र हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या पुढे गेलं तर रक्त घट्ट होण्याचा खरा धोका असतो आणि डोस थांबवून तो कमी करावा लागतो. फरक कळणारा डॉक्टर हवा तो यासाठी.

मूल हवं असण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर हार्मोनच्या आधी शुक्राणू किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याबद्दल बोलावं. नंतर प्रजननक्षमता परत येईलच याची खात्री देता येत नाही. त्याच वेळी टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. पाळी थांबलेली असतानाही दिवस राहू शकतात आणि त्या गर्भाला औषधाने अपाय होतो. गोठवणं सोपं, पुढे वापरणं अवघड: २०२१ च्या प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात सेवा घेणारे म्हणून विवाहित जोडपं आणि एकटी स्त्री एवढेच धरले आहेत. ट्रान्स माणसांचा विचार करायचा राहूनच गेला. पैसे भरण्याआधी क्लिनिकला हे लेखी विचारावं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. डॉक्टरांच्या लाजेपायी किंवा खर्चापायी अनेक ट्रान्स स्त्रिया मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेतात. माला-डी किंवा तसल्याच. एकीने दुसरीला सांगायचं, एका गोळीने फरक दिसेना तर तीन, चार. या गोळ्यांत असतं ते इथिनिल इस्ट्राडायॉल. कुटुंबनियोजनाच्या डोसमध्ये तरुण बाईसाठी ते ठीक आहे, पण या कामासाठी लागणाऱ्या मोठ्या डोसमध्ये ते पायाच्या शिरांत आणि फुप्फुसात गुठळ्या करतं. आम्स्टरडॅमच्या केंद्रातल्या ट्रान्स रुग्णांच्या नोंदींमधून हे अनेक वर्षांपूर्वी स्पष्ट झालं आणि ट्रान्स उपचारांतून ते औषध बाद झालं. साधं इस्ट्राडायॉल आपल्याकडे मिळतं, गोळ्या फार महागही नाहीत आणि त्याची रक्तातली पातळी मोजता येते. जिममधून आणलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचीही हीच गत. आत काय आहे, किती आहे, कुणी सांगत नाही. एक पोटरी अचानक सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, तर थेट तातडीच्या विभागात जावं आणि काय घेत होतो ते न लपवता सांगावं. लपवल्यामुळे निदान चुकतं.

शस्त्रक्रियेबद्दल थोडकंच, कारण त्याबद्दल बाकी सगळीकडे भरपूर मिळतं. छातीची, गर्भाशय-अंडाशयाची, वृषणांची, योनी किंवा शिश्न घडवण्याची, अशा त्या वेगवेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. एक केली म्हणून दुसरी करावीच लागते असं नाही. घडवलेली योनी टिकावी म्हणून डायलेटर वापरण्याची शिस्त वर्षानुवर्षं पाळावी लागते. शिश्न घडवणं एका बैठकीत होत नाही. अंडाशय किंवा वृषण काढल्यावर हार्मोन मध्येच सोडून दिले तर हाडं ठिसूळ होतात. आणि काढलेलं नसेल ते तपासत राहावं लागतं: गर्भाशयाचं तोंड शिल्लक असलेल्या ट्रान्स पुरुषाला कर्करोगाची तपासणी लागते, प्रोस्टेट असलेल्या ट्रान्स स्त्रीलाही.

उपचार कुठे घ्यायचे याबाबत हैदराबाद, कल्याण आणि पुण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२१ च्या जानेवारीत हैदराबादला ‘मित्र’ नावाचं क्लिनिक सुरू झालं. तिथला बहुतेक कर्मचारीवर्ग ट्रान्स समाजातलाच होता. हार्मोन, समुपदेशन, एचआयव्ही तपासणी, कागदपत्रांची मदत, सगळं एका छपराखाली. पुढे कल्याणला आणि पुण्यालाही अशी क्लिनिकं निघाली. केस पेपरवर कोणतं नाव लिहायचं हे तिथे विचारलं जाई. या सगळ्याला पैसा अमेरिकी मदतीचा होता. जानेवारी २०२५ मध्ये ती मदत गोठली आणि तिन्ही क्लिनिकं बंद पडली. हैदराबादचं पुढे टाटा ट्रस्ट्सच्या आधाराने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उभं राहिलं. यातून रुग्णाने घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. आपली फाइल आपल्याकडे ठेवावी. पत्रं, रिपोर्ट, डोसच्या नोंदी, सगळ्याच्या प्रती काढाव्यात. दवाखाना बंद झाला, डॉक्टर बदलले, तरी उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागू नयेत. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात २०२३ मध्ये ट्रान्स रुग्णांसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. अशी सरकारी सोय वाढली पाहिजे, कारण परदेशी देणगी आज असते, उद्या नसते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम यांनी दोन पायऱ्या आखल्या: जिल्हाधिकाऱ्यांकडून ट्रान्सजेंडर म्हणून प्रमाणपत्र, आणि वैद्यकीय उपचारांनंतर हवं तर स्त्री किंवा पुरुष अशी सुधारित नोंद. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. हे नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेली पद्धत वाचूनच पुढे जावं. नाव बदलण्यासाठी राजपत्रातली नोंद लागते. मग आधार, पॅन, बँक, आणि सगळ्यात चिवट म्हणजे दहावीची गुणपत्रिका. आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, त्यात शस्त्रक्रियाही, देण्याचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. पण कोणतं रुग्णालय प्रत्यक्ष ते करतं याची चौकशी आधी करावी. नोकरीच्या ठिकाणी भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्या कार्यालयात तो कोण, हे एचआरला विचारून पाहा. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जातो.

या सगळ्याच्या मध्ये कधी तरी रात्र अशी येते की काहीच नको वाटतं. त्या रात्रीसाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आत्ताच फोनमध्ये नोंदवून ठेवावा. केंद्र सरकारची ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटची विनंती रुग्णांना नाही, गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना आहे. एकदा मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाने डोस ठरवून दिला की त्यापुढचं काम तुमचं रोजचंच आहे: बीपी मोजणं, तीन महिन्यांनी रक्त पाहणं, पोटरी सुजली तर ओळखणं, थायरॉइडच्या रुग्णासारखी फाइल सांभाळणं. त्यासाठी वेगळं केंद्र लागत नाही. लातूरचा किंवा चिपळूणचा माणूस दर तीन महिन्यांनी मुंबईला येऊ शकत नाही, आणि तुम्ही दार लावलंत तर तो मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभा राहील. तेव्हा असा रुग्ण आला की त्याला कोणत्या नावाने हाक मारायची ते विचारा, आणि तपासायला घ्या.